पाण्याची शपथ

मी वायरमन आहे. अकरा हजार व्होल्टच्या लायनीखाली पंचवीस वर्षं काढली आणि खांबावर चढताना माझे पाय कधी लटपटले नाहीत. पाण्याला मात्र मी भितो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या भीतीपायी झालं आणि त्यात मी काही फार शहाण्यासारखा वागलेलो नाही.

आमचं गाव टोकावड्याहून आत, डांबरी रस्ता सोडला की अर्धा-पाऊण तास चालत. गावाखालून नदी जाते आणि वळणावर एक डोह आहे. माझा थोरला भाऊ त्या डोहात गेला. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. म्हैस पाण्यात बसली होती, उठेना, म्हणून तिला हाकलायला उतरला. म्हैस बाहेर आली, तो आला नाही. मी काठावर उभा होतो. मला पोहता येत नव्हतं, आणि ओरडण्यापलीकडे मी काही केलं नाही. लोक धावत आले तोवर पाणी पुन्हा शांत झालं होतं. त्यानंतर मी त्या नदीत पाऊल बुडवलेलं नाही.

बायको शहापूर तालुक्यातली, शेणव्याकडची. ती भावांबरोबर नदीत डुंबत मोठी झालेली. लग्नानंतर तिनं एकदा साधेपणानं विचारलं, "तुमच्यात नदीवं कोन आंघोळीला कसं जात नाय?" मी तिच्यावर उगाच खेकसलो. तिनं परत विचारलं नाही.

आम्हाला एकच मुलगी. आठ वर्षांची असताना एका दुपारी ती ओल्या केसांनी घरी आली. फ्रॉक कोरडा, केस तेवढे ओले. मैत्रिणींबरोबर नदीवर गेली होती आणि शहाणपणा करून फ्रॉक काठावर काढून ठेवला होता. तिला दंडाला धरून उंबऱ्यात आणलं, तिचा तळवा माझ्या डोक्यावर दाबला आणि म्हणालो, "बोल. गुडघ्याच्या वर पान्यात जानार नाय. गेलीस तर बाप मेला तुझा."

ती रडत रडत सगळं बोलली. शेवटचे शब्द तिला नीट बोलता येईनात, तर मी पुन्हा बोलायला लावले.

आमच्याकडे अशी शपथ लोक हलकी घेत नाहीत. ज्यानं घातली त्यानंच ती सोडवायची असते. डोक्यावर हात ठेवून घातली असेल तर डोक्यावर हात ठेवून तीनदा 'सुटली' म्हणायचं, त्याशिवाय ती सुटत नाही. पोरं खेळताना घातलेल्या शपथेसाठीसुद्धा 'सुटली म्हन, सुटली म्हन' करत एकमेकांच्या पाठी लागतात. बायको त्याच संध्याकाळी म्हणाली, "पोरगी घाबरलीय. सोडवा ती शपथ." मी म्हटलं, "घाबरू दे. घाबरली तर जगंल."

मुलीनं शपथ पाळली. शाळेची सहल माळशेजच्या धबधब्यावर गेली तेव्हा ही खडकावर बसून सगळ्यांच्या चपला राखत बसली होती. बाईंनी मला मुद्दाम सांगितलं, "तुमची मुलगी फार शिस्तीची आहे." मी घरी येऊन ते कौतुकानं बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "शिस्त नाय ती," एवढंच म्हणाली.

मुलगी धावायला चांगली निघाली. बारावीनंतर मुरबाडला पोलीस भरतीच्या क्लासला जायला लागली. तिथल्या सरांनी सांगितलं, जी भरती निघेल तिचा फॉर्म भरायचा, हात धुऊन घ्यायचे. तसा तिनं नौदलाचा भरला. मला कळलं ते परीक्षेचा निकाल लागल्यावर. मी जेवत होतो, घास हातातच राहिला.

"नौदल? तू?"

"जहाज लोखंडाचं आसतं, बाबा. मी पान्यातून थोडीच चालनार हाय?"

ती हसली, मीही हसलो. शपथेचं नाव दोघांनी काढलं नाही. मला वाटलं, वैद्यकीय तपासणीत जाईल, धावण्यात जाईल, काहीतरी होईल आणि आपोआप मिटेल. मी तिच्यासाठी देवापुढे अगरबत्ती लावायचो आणि मनातून मागायचो भलतंच. ती प्रत्येक वेळी पास होऊन आली. शेवटी पत्र आलं. ओडिशात एका मोठ्या सरोवराच्या काठी प्रशिक्षण केंद्र, चारेक महिन्यांचं प्रशिक्षण आणि सोबत न्यायच्या वस्तूंची यादी.

ती यादी घेऊन आम्ही बापलेक कल्याणला गेलो. पांढरे कॅनव्हासचे बूट, कुलूप, टॉर्च, चादरी. दुकानदार यादी वाचत वस्तू काढून ठेवत होता. मध्येच म्हणाला, "स्विमिंग कॉस्च्यूम कुठल्या साइजचा देऊ?" मुलीनं माझ्याकडे पाहिलं. ती वाट बघत होती, हे मला चांगलं कळलं. तिथे दुकानात, ट्रंकांच्या ढिगाशेजारी, मी तिचा हात डोक्यावर ठेवून तीनदा 'सुटली' म्हणालो असतो तर हे सगळं तिथेच संपलं असतं. मी म्हणालो, "मी च्या पिऊन येतो, तू बघ," आणि बाहेर पडलो.

विसरलो होतो असं मी लोकांना सांगू शकलो असतो, पण ते खोटं. मी हिशेबानं गप्प राहिलो. मला वाटलं, शपथ असू दे. शपथ असेल तर ही कडेला राहील, उथळ पाण्यात राहील, जीव सांभाळील. तिकडे तिच्याजवळ माझं माणूस कोणी नाही, निदान माझी शपथ तरी सोबत जाऊ दे.

घरात दोन फोन होते. त्यातला आईचा तिनं नेला, कारण तिचा स्वतःचा भरतीच्या क्लासात पडून फुटला होता. आमच्याकडे उरला माझा एक. घरी रेंज नाही. म्हणून दर रविवारी सकाळी मी आणि बायको टोकावड्याला येऊन रस्त्याकडेच्या एका धाब्यावर बसायचो. केंद्रात आठवडाभर फोन जमा करून घेतात आणि रविवारी थोडा वेळ देतात. किती वाजता देतील ते ठरलेलं नसे. आम्ही आठला यायचो आणि फोन टेबलावर मधोमध ठेवून बसायचो. धाबेवाला ओळखीचा, तो चहा पाठवायचा आणि चेष्टा करायचा, "काय वायरमन, फोनवर शॉक बसल्यासारखं काय बघताय?"

पहिल्या रविवारी ती भराभर बोलली. पायाला फोड आलेत, पहाटे उठवतात, भात मिळतो पण आपल्यासारखा नाही. आई रडली, ती रडली नाही. दुसऱ्या रविवारी आवाज बसला होता, ओरडून ओरडून. मी दोन्ही वेळा शेवटी विचारलं, "पान्यात घालतात का गो?" पहिल्यांदा म्हणाली, "आजून नाय." दुसऱ्यांदा म्हणाली, "घालतात. मी कडंकडंनं, गुडघ्याएवढ्यात." त्या आठवड्यात मला बरी झोप लागली.

तिसऱ्या रविवारी आईशी बोलून झाल्यावर ती म्हणाली, "बाबांना दे."

"बाबा, उंच फळीवरनं उडी मारायची आसते. खाली खोल पानी. सगळ्या मारतात. मी नाय मारत."

"का?"

मागे पोरींचा गलका ऐकू येत होता.

"तुमाला म्हायतीय," ती म्हणाली. मग घाईनं सांगितलं, "पुढं टेस्ट हाय. तवर उडी मारली नाय तर मागच्या तुकडीत टाकतात. तिथं बी नाय जमलं तर घरी धाडतात. दोघींची नावं लिहून घेतलीत, त्यात एक माझं हाय."

समोर बायको बसली होती, तिनं ऐकलं नव्हतं. सोडवली तर पोरगी खोल पाण्यात उडी घेणार. नाही सोडवली तर एवढी धावलेली, एवढी राबलेली पोर मान खाली घालून परत येणार. मला त्या क्षणी डोह दिसत होता, दुसरं काही नाही. मी म्हणालो, "बघू. जपून राहा." ती "बरं" म्हणाली आणि फोन बंद झाला.

परत जाताना वाटेत बायकोनं माझ्याकडून सगळं काढून घेतलं. ती कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी भर रस्त्यात उभी राहिली.

"अजून ती शपथ हायच? तिकडं जाताना सोडवली नाय तुमी?"

"नाय."

"तुमचा भाऊ बुडाला यात तिची काय चूक? भीती तुमची आणि भरायची तिनं?"

मी म्हटलं, "काय झालं तर?"

"झालं तर झालं म्हनून रडू. पन तुमी तिला आताच बुडवताय."

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. डबा तेवढा भरून ठेवायची.

मंगळवारी लायनीवर काम होतं. आमच्या कामात एक नियम आहे. ज्यानं लाइन बंद करायचं परमिट घेतलं, त्यानंच काम संपल्यावर ते परत करायचं. तो स्वतः येऊन "माझी माणसं खाली उतरली" म्हणेपर्यंत सबस्टेशनवाला लाइन चालू करत नाही. साहेब सांगो, मंत्री सांगो. गाव अंधारात राहिलं तरी चालेल. मी खाली उभ्या जोडीदाराला सगळी हकिकत सांगितली. तो माझ्याहून लहान, तोंडाचा फटकळ. म्हणाला, "परमिट तुझ्या नावावं हाय, आन् पोरगी तिकडं अंधारात बसलीय. तू कशाची वाट बघतोस रे?"

मला राग आला, पण त्याचं खरं होतं. मी विचारलं, "डोक्यावर हात ठिवून घातलेली. फोनवर सुटंल का?"

"व्हिडिओ कॉल कर," तो म्हणाला आणि हसत सुटला.

मला हसू येईना. मी गावातल्या एका जाणत्या म्हातारीला विचारून आलो. तिनं विचार करून सांगितलं, आपल्या डोक्यावर आपला हात ठेवायचा, नीट ऐकू जाईल असं तीनदा म्हणायचं, आणि समोरच्यानं ते ऐकलं पाहिजे. न ऐकता सुटत नाही. म्हणजे रविवारपर्यंत थांबणं आलं. मी ठरवलं, रविवारी फोन आला की दुसरं काही बोलायचं नाही, आधी हेच. बायकोला सांगितलं तेव्हा तिनं माझ्या ताटात न मागता दुसरी भाकरी वाढली.

रविवारी पहाटे निरोप आला. माळशेज घाटाच्या पायथ्याशी एका ट्रकनं खांब उडवला होता, तारा रस्त्यावर पडल्या होत्या. माझी ड्यूटी नव्हती, पण ज्याची होती तो आजारी. बायको म्हणाली, "फोन माझ्याकडं द्या. मी बसते धाब्यावं. तिचा आला तर सांगते, बाबा सोडवनार हायेत."

मी दिला नाही. म्हटलं, "मलाच बोलायचंय. घाटाखाली रेंज येते मधी मधी. काम दोन तासांचं." तिनं पुन्हा हात पुढे केला. मी फोन खिशात घातला आणि निघालो.

काम दोन तासांचं नव्हतं. खांब मधून मोडला होता, दुसरा आणायला गाडी गेली ती दुपारी आली. परमिट माझ्या नावावर होतं, म्हणून जागा सोडता येईना. फोन खिशात होता आणि मी दर दहा मिनिटांनी काढून बघत होतो. रेंजची एकही कांडी नव्हती. जोडीदार म्हणाला, शेजारच्या खांबावर चढून बघ, तिथे येईल. चढलो, तरी आली नाही. संध्याकाळी परमिट परत करून टोकावड्याला पोचलो आणि फोन एकदम थरथरायला लागला. मिस्ड कॉलचे मेसेज. सात. सगळे तिचे, वीस मिनिटांच्या आत.

सात का? हे मला कळेना. फोन लागला नाही तर माणूस दोनदा लावतो, तीनदा लावतो. वीस मिनिटांत सातदा कोण लावतं? मी परत लावला, बंद. फोन जमा झाले होते.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. सोमवारी पत्रावरचा केंद्राचा नंबर लावला. कोणीतरी हिंदीत शांतपणे विचारलं, कोण, कुणाचे वडील. मी म्हटलं, माझ्या मुलीनं सातदा फोन केला होता, ती बरी आहे ना. पलीकडून उत्तर आलं, "कुछ होता तो हम खबर करते." त्यांनी धीर द्यायला म्हटलं असेल. मी मात्र तेव्हापासून अनोळखी नंबरचा फोन वाजला की उचलायला घाबरू लागलो. बुधवारी एक आला. मी खांबाच्या खाली उभा होतो, हातमोजे घातलेले, आणि तो वाजून वाजून बंद होईपर्यंत तसाच उभा राहिलो. मग जोडीदाराला लावायला सांगितला. कोणीतरी बोअरिंग मारणारा होता.

एका संध्याकाळी मी नदीवर गेलो. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. डोहाच्या काठी उभा राहून, डोक्यावर हात ठेवून, तीनदा मोठ्यानं म्हणालो, "सुटली." पलीकडे कपडे धुणाऱ्या दोन बायकांनी वळून पाहिलं. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण ऐकायला जी हवी होती ती तिथे नव्हती. फोन मी दिला नाही, हे बायकोनं एकदाही काढलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी मी जोडीदाराला ड्यूटीवर बसवलं आणि बायकोला घेऊन सातलाच धाब्यावर आलो. फोन चार्जिंगला लावून त्याच्याजवळच बसलो. साडेदहाला वाजला. मी उचलला.

"हॅलो?" मी म्हणालो.

पलीकडे आधी नुसता गलका ऐकू आला. मग अगदी बारीक आवाजात, "बाबा? तुमीच बोलताय ना?"

"मीच गो. ऐक आधी. दुसरं काय बोलू नको." मी उभा राहिलो, डावा हात डोक्यावर ठेवला आणि म्हणालो, "सुटली. सुटली. सुटली. ऐकलंस? शपथ सुटली तुझी." धाब्यावरचे दोन ट्रक ड्रायव्हर घास थांबवून बघत होते. मला कशाचं भान नव्हतं.

ती रडायला लागली. पहिल्यांदाच. पुष्कळ वेळ रडली, दिलेली मिनिटं त्यातच गेली. "बरं, बाबा," एवढंच बोलता आलं तिला. मला वाटलं, डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणून रडली. मीही रडलो. बायकोनं फोन ओढून घेतला तोवर तो बंद झाला होता.

त्यापुढच्या रविवारी तिनं सांगितलं, पोहण्याची टेस्ट पास झाले. त्या दिवसापासून मी बदललोच. गावात, डेपोच्या कँटीनमध्ये, पाव्हण्यांत, जो भेटेल त्याला हीच गोष्ट सांगायला लागलो. बापानं शपथ सोडवली आणि आठवड्यात पोरगी पास झाली. जोडीदाराला ती इतक्यांदा ऐकवली की तो म्हणायचा, "उडी तिनं मारली, पन भिजलास तूच." मी ते मनावर घेतलं नाही.

प्रशिक्षण संपलं. सुट्टी काढून आम्ही दोघं शेवटचं संचलन बघायला ओडिशाला गेलो. बायकोनं भाकरी, तिळाची चटणी आणि लाडू बांधून घेतले होते. दीड दिवस रेल्वेत बसून अंग आंबलं. संध्याकाळी सरोवराजवळच्या मैदानावर शेकडो मुलं-मुली पांढऱ्या कपड्यांत एका तालात चालत आली. सगळी सारखीच. मी डोळे ताणून ताणून शोधत होतो, मला आमची कुठली ते ओळखू येईना. बायकोनं एकदा बघून बोट दाखवलं, "ती. तिसऱ्या ओळीत." मला वाटलं ही उगाच सांगतेय, पण तीच होती.

नंतर आईबापांना भेटायला सोडलं. ती समोर आली, काळवंडलेली, गालफडं बसलेली, खांदे रुंद झालेले. आईच्या गळ्यात पडली. बरोबर तिची एक मैत्रीण होती, राजस्थानची. तिच्याकडचं कोणी आलेलं नव्हतं, म्हणून आमच्यातच थांबली. बायकोनं दोघींच्या हातात लाडू दिले. मी राजस्थानच्या मुलीला विचारलं, तुमच्याकडे पाणी कुठे, तू पोहायला कशी शिकलीस. ती म्हणाली, इथेच, नाकातोंडात पाणी जाऊन जाऊन. मग मला राहवेना. मी माझी गोष्ट सुरू केली, मोडक्यातोडक्या हिंदीत. शपथ कशी घातली, फोनवर कशी सोडवली, आणि मगच हिनं कशी उडी मारली.

ती मुलगी लाडू खाता खाता थांबली. "नहीं अंकल," ती म्हणाली, "उसके पहले मारी थी. आठ दिन पहले. शनिवार को पीछे भेजने वालों की लिस्ट जाने वाली थी, उसी दिन कूद गई. फिर इतवार को आपका फोन नहीं लगा. बाप रे, उस हफ्ते तो यह खाती भी नहीं थी."

आमच्या मुलीनं तिचा हात धरला. "चूप कर," म्हणाली. पण उशीर झाला होता.

मला आधी काही समजलंच नाही. शनिवारी उडी. रविवारी सात फोन. मी मुलीकडे बघितलं, तिनं नजर खाली घातली.

"शपथ मोडली व्हती ना," ती हळूच म्हणाली. "मला नुसतं तुमचा आवाज ऐकायचा व्हता. लागलाच नाय. सातदा लावला, लागला नाय. मला वाटलं, झालं."

"काय झालं?"

"तुमी गेलात."

बायकोच्या हातातला डबा तसाच उघडा राहिला. मी म्हणालो, "आगो, गावात कुनाला तरी लावायचास. धाबेवाल्याचा नंबर व्हता तुझ्याकडं. सायबांना सांगायचंस, चौकशी केली आसती त्यांनी."

"धीर नाय झाला. विचारलं आसतं आणि हो म्हनले आसते तर?" ती म्हणाली. "आईला काय तोंड दावायचं, तेवढंच डोक्यात फिरायचं."

आठ दिवस. मी इकडे ज्या आठ दिवसांत तिच्यासाठी जीव मुठीत धरून बसलो होतो, तेच आठ दिवस. माझ्याजवळ निदान बायको होती, जोडीदार होता. माझी पोर परक्या मुलखात माझं मढं एकटी राखत बसली होती, आणि तिला असंही वाटत होतं की ते तिनंच पाडलंय. आठ वर्षांची असताना उंबऱ्यात तिला बोलता येत नव्हते ते शब्द मी दोनदा बोलायला लावले होते. तिनं ते माझ्याहून जास्त खरे मानले.

"मग सोमवारी?" मी विचारलं. का विचारलं ते माहीत नाही. "सोमवारी पान्यात गेलीस?"

"गेले. सोमवारी बी, मंगळवारी बी. रोज मारली उडी." तिनं टोपी नीट केली. "म्हटलं, तुमी तर गेलातच. आता थांबून कोनासाठी थांबू?"

मला खाली बसावंसं वाटलं. तिथे बसायला काही नव्हतं. मी उभाच राहिलो आणि ती माझ्याकडे, मी खरंच आहे की नाही हे बघितल्यासारखी, बघत राहिली.